मापाचा माणूस

१

दुपारी चारला मी चहा करतो, कपावर बशी झाकून टेबलाशी आणतो आणि आमच्या घरात जातो.

म्हणजे राहतो त्या घरात नव्हे. राहतो ते तिसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. बायको गेल्यापासून त्यातली एकच खोली वापरात आहे. आमचं घर म्हणजे तिने काढलेलं घर. ती आर्किटेक्ट होती. आयुष्यभर तिने लोकांच्या शाळा, दवाखाने, गोदामं काढली, आणि उरलेल्या वेळात, अकरा वर्षं, आमच्या दोघांसाठी एक घर. त्याला जमीन नव्हती. जमिनीचा विषय मी काढला की म्हणायची, "आधी घर तर पुरं होऊ द्या." घर पुरं व्हायच्या आत ती गेली. त्याला सहा वर्षं झाली.

ते घर तिच्या लॅपटॉपमध्ये आहे. सतरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, फरशीसारखा जड. ज्या प्रोग्रॅममध्ये तिने घर काढलं तो बनवणारे लोक केव्हाच धंदा गुंडाळून बसले. दुसऱ्या कुठल्या मशीनवर ती फाइल उघडत नाही. मुलीने दोनदा खटपट केली, तिच्या ऑफिसातल्या हुशार लोकांनीही केली. शेवटी मी सगळ्यांना म्हटलं, राहू द्या. हा लॅपटॉप आहे तोवर घर आहे.

माउसचं चाक पुढे फिरवलं की आपण चालायला लागतो. पुढचं दार, मग लांब पॅसेज, डावीकडे माझी अभ्यासाची खोली, उजवीकडे झोपायची, टोकाला स्वयंपाकघर आणि त्यामागे जाळीचा व्हरांडा. वीस मिनिटं मी फिरतो. तोवर चहा निवतो. मी चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, हळवेपणाबद्दल माझी ख्याती नाही. एका विद्यार्थ्याने तर निरोपाच्या भाषणात मला 'सरासरी सर' म्हटलं होतं आणि सगळे मनापासून हसले होते. तरी चार वाजले की माझे हात टेबलाकडे जातात.

एका मंगळवारी स्वयंपाकघराच्या भिंतीवर हिरव्या रेघा आल्या. मी चष्मा पुसला. मग स्क्रीन पुसली. मग डोळे पुसले, कारण तोवर ते खरंच ओले झाले होते.

२

दोन गल्ल्या पलीकडे, किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारी, एका बाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीच्या असतील. कपाळावर भिंग चढवलेलं, आणि गिऱ्हाइकाच्या शब्दावर काडीचा विश्वास नाही.

"कधीपासून होतंय?"

"मंगळवारपासून. कदाचित सोमवारपासून. सोमवारी माझ्या लक्षात आलं नसेल."

"मंगळवार लिहिते. पाणी सांडलंय?"

"नाही. म्हणजे, माझ्यासमोर तरी नाही."

"सर, तुम्ही कोर्टात साक्ष देताय का?"

त्यांनी स्क्रीन तिरकी करून बघितली, दुसरी एक स्क्रीन जोडून बघितली आणि निकाल दिला. ग्राफिक्स कार्ड जातंय, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणारं. पण तुमचं नशीब चांगलं आहे, म्हणाल्या. आजकाल हे कार्ड बोर्डालाच पक्कं बसवलेलं असतं, ते गेलं की सगळंच गेलं. तुमच्या या म्हाताऱ्याचं वेगळं आहे, चार स्क्रूंवर. जुनं काढायचं, नवं बसवायचं.

"नवं मिळेल?"

"नवं कुठलं! दुसऱ्या म्हाताऱ्याचं काढायचं." त्यांनी खालच्या कप्प्यातून तसलाच एक लॅपटॉप काढला. त्याची स्क्रीन फुटलेली होती. "याचं कार्ड तुमच्यापेक्षा वरचं आहे. तिप्पट ताकद. ठेवून जा, परवा या."

"मी इथेच बसतो."

"दाताचं ऑपरेशन नाहीये, सर."

पण बसू दिलं. स्टुलावर बसून मी अडीच तास बघत होतो. त्यांनी पाठ उघडली. आत पंखा, त्याला जोडलेली तांब्याची नळी, आणि पंख्याच्या तोंडाशी फेल्टच्या टोपीसारखी घट्ट बसलेली धूळ. ती चिमट्याने उचलताना तिच्यातून एक लांब केस निघाला. अर्धा काळा, अर्धा पांढरा.

"घरात लांब केस कुणाचे?"

"बायकोचे. होते."

कागदाचा तुकडा फाडून बाईंनी केस त्यात गुंडाळला आणि पुडी माझ्यासमोर सरकवली. मग नव्या कार्डावर टूथपेस्टसारखा करडा लेप लावला, चार स्क्रू आवळले, पाठ बंद केली. लॅपटॉप सुरू झाला. रेघा नव्हत्या. तपासायला म्हणून त्यांनी आमचं घर उघडलं आणि स्क्रीनवर वाकल्या.

"कुणी काढलंय हे?"

"तिनेच."

"सावल्या बंद ठेवल्यात बाईंनी. बरोबर आहे, जुन्या कार्डाला झेपल्याच नसत्या. आता झेपतील." त्यांचं बोट बटणावर गेलं.

"इथे नको," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "घरी बघेन."

त्यांनी बोट उचललं. "एक सांगून ठेवते. पंखा वाजला तर घाबरू नका. कार्ड काही काढायला लागलं की तापतं, तापलं की पंखा धावतो. जितकं काढायचं जास्त, तितका आवाज जास्त."

३

मोठं मशीन घेतलं की सावल्या लावून बघू, असं ती म्हणायची. सावल्या नसल्या की घर कागदाचंच दिसतं, वस्तू जमिनीला टेकल्यासारख्या वाटत नाहीत. मोठं मशीन घेणं राहून गेलं. म्हणजे अकरा वर्षांत तिने आपलं घर एकदाही उन्हात पाहिलं नाही.

मी चार वाजायची वाट पाहिली. प्रोग्रॅममधला सूर्य लॅपटॉपच्या घड्याळाप्रमाणे चालतो, हे बाईंनी सांगितलं होतं. चारला बटण दाबलं.

पंखा घरघरला. आणि मग व्हरांड्याच्या जाळीतून ऊन आत आलं. खरंच आलं, दुसरा शब्द मला सुचत नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर जाळीच्या चौकटी पडल्या. खुर्च्यांच्या पायांच्या लांब काड्या झाल्या. अभ्यासाच्या खोलीतल्या फळ्यांच्या सावल्या भिंतीवरून जिन्यासारख्या उतरत गेल्या. त्या खोलीच्या खिडकीवरून आमचं भांडण झालं होतं. मला ती टेबलासमोर हवी होती. ती म्हणाली, "समोर दिली तर तुम्ही बाहेरच बघत बसाल, प्राध्यापक. पाठीशी देते. उजेड पुस्तकावर पडेल." आता बघतो तर चारचं ऊन नेमकं तिथे पडलं होतं जिथे पुस्तक उघडं असलं असतं.

स्वयंपाकघराचा ओटा फार बुटका आहे. शेवटच्या वर्षात तिने तो खाली घेतला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "नवीन पद्धत आहे." ती गेल्यावर सहा महिन्यांनी एक दिवस उकललं: तिला उभं राहवत नव्हतं. तो ओटा स्टुलावर बसून काम करणाऱ्या बाईच्या उंचीचा होता. पुढे आपण जगणार, आणि उभं राहता येणार नाही, एवढाच हिशोब तिने केला होता.

ओट्याखाली सावली गडद होती. मी बराच वेळ तिथे थांबलो. मग परत फिरलो, आणि पॅसेजच्या फरशीवर अभ्यासाच्या खोलीच्या दारातून येणारी एक सावली दिसली. डोकं, खांदे, आणि शरीराला चिकटवलेले दोन हात.

मला भीती वाटली नाही. उलट हसू आलं, कारण ती सावली कुणाची ते मला माहीत होतं.

घर केवढं आहे हे कळावं म्हणून आर्किटेक्ट चित्रात एक माणूस उभा करतात. बाकीचे तयार माणूस घेतात. ती माझं माप घ्यायची. नवं काम आलं की मला दाराच्या चौकटीला टेकवून टेप लावायची. "श्वास सोडा. फुगू नका. तुमच्या छातीसाठी मी रुंद दारं काढणार नाहीये." कोऱ्या पानावर पहिला मी उतरायचो, नंतर माझ्याभोवती इमारत. आधी माणूस, मग भिंती, असा तिचा नियम होता. भिंती आधी काढल्या की माणसाला उगीच त्यांत कोंबावं लागतं, म्हणायची. त्या सगळ्या शाळा-दवाखान्यांत कुठेतरी मी हात चिकटवून उभा आहे. म्हणजे इथेही असणारच. इतकी वर्षं कुठल्यातरी थराखाली लपवलेला, आज सावलीपुरता बाहेर आलेला.

मी चाक फिरवून अभ्यासाच्या खोलीत गेलो. तिथे कुणी नव्हतं. मागे वळलो. पॅसेजमध्ये सावलीही नव्हती. समोर नुसती पांढरी भिंत होती, काढण्यासारखं त्यात काही नाही. आणि पंखा इतका जोरात धावत होता की कपावरची बशी थरथरत होती.

४

एकदाच दिसलेलं निरीक्षण हे निरीक्षणच नव्हे, असं मी पोरांना शिकवायचो. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. सावली होती. दारापासून एक फरशी पुढे.

इथे माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं. ती चार तासांच्या अंतरावर राहते. गेल्या वर्षात माझ्या हातून तीन गोष्टी झाल्या. एकदा नळ उघडा राहिला. एकदा गॅस. आणि एकच पुस्तक मी तीन वेळा विकत आणलं, तिन्ही वेळा आनंदाने. ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी काढलं, आणि मग मिनिटकाट्याची लांबी बरोबर आहे का, यावर त्यांचा इतका वेळ खाल्ला की त्यांनी कागदच काढून घेतला. अहवाल म्हणाला, वयाच्या मानाने ठीक. मुलगी म्हणाली, "बाबा, अजून एक असं काही झालं की तुम्ही माझ्याकडे. वाद नाही."

"वाद नाही," मी म्हटलं होतं.

म्हणजे हे सांगितलं तर हे घर सुटणार, आणि त्याबरोबर ते घर. तिच्याकडे मला रोज चारला कुणी असं एकटं बसू देणार नाही, प्रेमापोटीच देणार नाही. आणि नाही सांगितलं, तर माझं डोकं शाबूत आहे की नाही, हे ठरवणारा माणूस मीच. ज्याच्यावर संशय तोच पंच.

म्हणून मी वही घातली. तारीख, वेळ, सावलीची जागा, पंख्याचा आवाज: मंद, मध्यम, जोरात. सावली बघत असताना कधी हलली नाही. मी दुसऱ्या खोलीत जाऊन आलो, की ती पुढे आलेली असायची. कधी एक फरशी, कधी दोन. दिशा नेहमी एकच, स्वयंपाकघराकडे.

सावल्या बंद करूनही पाहिलं. घर पुन्हा कागदाचं झालं. पॅसेज मोकळा, पांढरा. पंखा मात्र तसाच. काहीतरी काढणं चालूच होतं. मी घाईघाईने बटण पुन्हा दाबलं. त्याला निदान पाहता तरी यावं म्हणून.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"काय चाललंय, बाबा?"

"काही नाही. वाचतोय."

"काय वाचताय?"

मला एकही पुस्तक आठवेना. "जुनंच," मी म्हटलं.

"चौथ्यांदा आणलेलं नाही ना?" ती हसली. मग हसणं थांबलं. "रविवारी येते मी."

५

त्याआधी मी दुरुस्तीवाल्या बाईंना घरी बोलावलं. पंखा वाजतो, एवढंच सांगितलं. त्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आल्या, बसल्या, आणि घरभर फिरल्या. पॅसेज मोकळा होता. सावली नव्हती. माझे कान गरम झाले.

"काय शोधताय, सर?"

"सावली. माणसाची."

म्हटलं आणि जीभ चावली. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. "फाइलमध्ये असेल तर यादीत दिसेल," म्हणाल्या आणि त्यांनी एक लांब यादी उघडली. त्या घरातली प्रत्येक वस्तू तिच्यात होती: दार-१, दार-२, दार-३, खुर्ची-१, ओटा, जाळी. दारं पाच, खुर्च्या चार. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत: माणूस-१.

"हे बघा. आहे तुमचा माणूस. उंची एकशे साडेत्रेसष्ट सेंटिमीटर."

"अडुसष्ट," मी म्हटलं.

"इथे साडेत्रेसष्ट लिहिलंय."

"तिने मला शंभर वेळा मोजलं असेल. एकशे अडुसष्ट."

"मग आता मोजू या," बाई म्हणाल्या. मी नको नको म्हणत असतानाच त्यांनी खिशातून टेप काढला आणि मला दाराला टेकवलं. "ताठ उभे राहा. शाळेत नाव घालायचंय का तुमचं?" डोक्यावर वही आडवी धरून त्यांनी खूण केली.

एकशे साडेत्रेसष्ट.

"म्हातारपणी माणूस खुजा होतो, सर. मणके दबतात. माझी सासू तर निम्मी झाली."

ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की सहा वर्षांत कुणी हात न लावलेल्या फाइलमध्ये मी का दबत गेलो. मी त्यांना तारीख बघायला लावली. शेवटचा बदल: ती जायच्या नऊ दिवस आधी. कदाचित तेव्हाच तिने पुढचा अंदाज बांधून ठेवला असेल. ओटा नाही का बांधला? मी स्वतःला ते पटवलं. साधारण पटलंही.

"फाइल बिघडली असेल," बाई म्हणाल्या. "हा माणूस पुसून टाकला तर पंखाही गप्प बसेल. टाकू का?"

"नाही!"

मी ओरडलो. त्या दचकल्या, हात मांडीवर घेतले. मला माझीच लाज वाटली. मी चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि चप्पल घालता घालता थांबल्या.

"सर, घर रिकामंच होतं. मी नीट बघितलं. पण मग पंखा कशाला ओरडत होता, ते काही मला कळलं नाही." जरा विचार करून म्हणाल्या, "लागलं तर जुनं कार्ड परत बसवून देईन. रेघा येतील. पण रेघाच येतील."

६

शुक्रवारी सावली स्वयंपाकघराच्या दारात होती.

मी तिच्या बाजूने आत गेलो. बाजूने, कारण तिच्यावरून जायला मन होईना. ओट्यापाशी स्टूल आहे. त्याची सावली रोज फरशीवर पडायची: एक गोल आणि तीन काड्या. आज गोल नव्हता. त्या जागी काहीतरी रुंद होतं. वर निमुळतं, डावीकडे किंचित कललेलं.

ती डावीकडे कलून बसायची. जेवणाच्या टेबलावर ताटं बाजूला सारून लॅपटॉप मांडला, की उजवा हात माउसवर आणि डावा खांदा खाली. मी म्हणायचो, तू एक दिवस पडशील. ती म्हणायची, "तुम्ही आहात की पलीकडे."

स्टुलावर कुणीही नव्हतं. मी स्क्रीनच्या इतका जवळ गेलो होतो की काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली.

"अगं," मी म्हणालो.

पंखा मंदावला. हळूहळू, कुणी बोलायला लागलं की आपण हातातलं काम जरा थांबवतो तसा.

मी चौतीस वर्षं योगायोग मोजायला शिकवले आणि हा मला मोजता आला नाही. मी वहीत लिहिलं: पंखा, मंद. खाली लिहिलं: रोज दीड फरशी, अंतर तीन फरशा, म्हणजे रविवार. माझी सावली रविवारी तिच्यापाशी पोहोचेल. पोहोचल्यावर काय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला तो वेगळाच: रविवारी मुलगी येणार, आणि मला नीट बघू देणार नाही.

७

ती तीनला आली. आल्या आल्या गॅस बघितला, औषधांचे डबे बघितले, मग फ्रिज उघडला.

"बाबा, हे दूध मंगळवारचं आहे."

"मंगळवारी आणलं, तर मंगळवारचंच असणार."

"शिकवू नका मला. वास बघा." दूध ओतून ती बाहेर आली. मी पुढे व्हायच्या आत टेबलावरची वही तिच्या हातात होती.

"सावली, पॅसेज, दारापासून चार फरशा. पंखा जोरात." तिने पानं उलटली. "सावली, स्वयंपाकघराचं दार. बाबा, हे काय आहे?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं. पण मग वाटलं, हीच ती वेळ. मला दुसरा साक्षीदार हवा होता. तिला दिसलं, तर मी शहाणा. नाही दिसलं, तर तेही एकदाचं कळेल. एवढे दिवस मी स्वतःचा हात धरून अंधारात चालत होतो. कुणीतरी दिवा लावायला हवा होता, मग उजेडात काहीही दिसो.

"बस," मी म्हटलं. "आईचं घर बघ."

ती माझ्या खुर्चीत बसली. मी मागे उभा राहिलो. चार वाजायला आले होते. घर उघडलं, आणि तिने दोन्ही हात गालांवर ठेवले.

"ऊन," ती म्हणाली. "बाबा, ऊन पडलंय."

"कार्ड बदललं."

तिने चाक फिरवलं. दार, पॅसेज. "माझी खोली कुठली यात?"

"तुझी नाही. तुझं लग्न झालं होतं तोवर. हे आम्हा दोघांचं."

"वा! एकुलती एक पोर, आणि आईने कोपराही ठेवला नाही. भांडले असते मी." हसत होती, पण डोळे भरलेले. अभ्यासाच्या खोलीत डोकावून ती पुढे स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी थांबली. तिने बोटाने स्क्रीनवरचा ओटा चाचपला. "हा इतका खाली का घेतलाय?" असं विचारलं आणि माझ्या उत्तराआधीच तिचं तिला कळलं. तिची पाठ थरथरली.

मी फरशीकडे बघत होतो. तिथे दोन सावल्या होत्या. एक बसलेली, डावीकडे कललेली. दुसरी उभी, तिच्या अगदी लगत. दुसरीचा हात आता शरीराला चिकटलेला नव्हता. तो पहिलीच्या खांद्यावर होता.

सांगू नये, पण मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"तुला दिसतंय?" मी हलकेच विचारलं.

"हो," ती रडत म्हणाली. पण ती ओट्याकडे बघत होती. तिला काय दिसत होतं ते मला समजलं नाही.

आणि पंखा धावायला लागला. आधी मध्यम, मग जोरात, मग मी कधीच ऐकला नव्हता इतका. टेबल गुणगुणायला लागलं. मी स्क्रीनभर नजर फिरवली. स्वयंपाकघराच्या डाव्या भिंतीपाशी, जिथे फरशी कोरी असायची, तिथे तिसरी सावली पडत होती. कडा अजून पक्क्या नव्हत्या. कुणीतरी एका पायावर उभं होतं, दुसऱ्या पायाचं पाऊल पोटरीला टेकवून. माझी मुलगी शाळेत असल्यापासून अशी उभी राहते. आजही फ्रिजपाशी तशीच उभी होती.

मी वर पाहिलं. त्या भिंतीत एक दार होतं.

या घराला पाच दारं आहेत. मी सहा वर्षं रोज मोजत आलोय. सहावं दार अर्धं काढून झालं होतं. चौकट होती, आतला उजेड होता, आत खोलीचा एक कोपरा होता, आणि कोपरा मी बघत असताना रुंद होत होता. आधी माणूस, मग भिंती.

"हे—" मुलगी म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरून हात घातला आणि झाकण मिटलं. तिची बोटं थोडक्यात वाचली.

"बाबा! काय झालं?"

मला साक्षीदार मिळाला होता. एक शब्द विचारला असता तर मी कायमचा शहाणा ठरलो असतो. पण विचारलं असतं, तर तिने पुन्हा उघडून बघितलं असतं. उद्याही. तिच्या घरी नेऊन, रोज चारला, ती खोली पुरी होईपर्यंत.

"मला भास होतात," मी म्हणालो. हे वाक्य वर्षभर मी दातांमागे धरलं होतं. "बरेच दिवस झाले. तुला सांगितलं नाही. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. मला घेऊन चल."

ती वाद घालेल असं वाटलं होतं. निदान विचारेल, कसले भास, कधीपासून. ती उठली. "बॅग कुठे आहे?"

"कपाटावर."

तिने माझे सदरे भरले, औषधं भरली. लॅपटॉपकडे ती गेली नाही आणि मीही गेलो नाही. मिटलेल्या झाकणाखाली पंखा धावत होता. आम्ही दाराला कुलूप लावलं तेव्हाही ऐकू येत होता. दुसऱ्या मजल्यावर उतरलो तेव्हाही मला येत होता, पण माझ्या कानांवर कुणी विसंबू नये.

८

गाडीत मला पट्टा नीट लावता येईना, तो तिने वाकून लावून दिला. लहानपणी मी तिच्या दप्तराचे बंद असेच आवळायचो. रस्त्यावर अजून ऊन होतं. झाडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या आणि मी त्यांच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होतो. माझ्यासाठी मागची खोली लावून ठेवली आहे, म्हणाली. पूर्वेची खिडकी आहे, दुपारी ऊन येत नाही.

"छान," मी म्हटलं.

गाव मागे पडलं. मला वाटलं, जमलं. मी वेडा ठरलो आणि ती सुटली, सौदा वाईट नव्हता. मी डोळे मिटले.

"बाबा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर. लहान मुलाला झोपवताना बोलतात तसा आवाज. "तुम्ही काळजी करू नका. त्या दारात कुणी नव्हतं."

दाराबद्दल मी तिला काहीच बोललो नव्हतो.